नातीचे थेंब मी थांबवले होते, हे आता सांगू का?

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या आजी ६३ वर्षांच्या आहेत. मुलगा, सून आणि आठ महिन्यांची नात यांच्यासोबत राहतात. बाळ घरी आल्यापासून त्याचं औषधपाणी आजींकडेच होतं. सून तिसऱ्या महिन्यात कामावर रुजू झाल्यावर दिवसभराचं बाळही त्यांच्याकडे आलं. डॉक्टरांनी बाळाला रोज ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब द्यायला सांगितले होते. आजींनी ते आठवडाभर दिले. बाळ थुंकून टाकायचं, शी पातळ झाली, म्हणून त्यांनी बंद केले. ‘आईच्या दुधात सगळं असतं, माझी दोन्ही मुलं थेंबांशिवायच वाढली,’ असं त्यांना मनापासून वाटत होतं. संध्याकाळी सून विचारायची, ‘थेंब दिले ना?’ आजी म्हणायच्या, ‘दिले.’

बाळ साडेपाच महिन्यांचं झालं तेव्हा दूध पिताना धापा टाकू लागलं, कपाळावर घाम यायचा, आणि एका रात्री त्याला झटका (फिट) आला. आयसीयूत इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदय मोठं झालं होतं आणि पंपिंग, म्हणजे एका ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, २४ टक्क्यांवर आलं होतं. रक्तातलं कॅल्शियम ५.८ (दर १०० मिलिलिटरला मिलिग्रॅम), ‘ड’ जीवनसत्त्व ४ (दर मिलिलिटरला नॅनोग्रॅम). उपचारांनी बाळ सावरलं, आता पंपिंग ३९ टक्के आहे. मात्र ‘थेंब रोज देत होतो’ असं सुनेने डॉक्टरांना सांगितल्यामुळे, थेंब मिळूनही पातळी इतकी खाली कशी, याचा शोध सुरू झाला आहे. जनुकीय तपासणीसाठी लवकरच रक्त द्यायचं आहे. सुनेच्या माहेरी कुणाला हृदयाचं दुखणं होतं का, अशी चर्चा घरात चालते आणि ती मुकाट्याने ऐकून घेते. मुलाने इंटरनेटवर वाचून सेलेनियमच्या गोळ्या आणून ठेवल्या आहेत. आजी विचारतात: खरं सांगू का? सांगितलं तर घर मोडेल. की काहीतरी निमित्त काढून मुलीकडे राहायला जाऊ? आणि नातीचं हृदय पुन्हा पहिल्यासारखं होईल का?

*

आजी, आधी उत्तर देते, कारण वेळ महत्त्वाचा आहे. सांगा. आणि जनुकीय तपासणीच्या आधी सांगा.

तुम्ही हा प्रश्न घराचा म्हणून मांडला आहे. सांगितलं तर सून दुखावेल, मुलगा दुरावेल, तुमचं घरातलं स्थान जाईल. ही भीती खरी आहे, तिच्याकडे मी येणारच आहे. पण तुम्हाला जे माहीत आहे आणि दुसऱ्या कुणालाच माहीत नाही, ते घरातलं गुपित उरलेलं नाही. तो तुमच्या नातीच्या आजाराच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि तो तिच्या फाइलमध्ये चुकीचा लिहिला गेला आहे.

डॉक्टरांच्या जागेवरून पाहा. त्यांच्यासमोर एक बाळ आहे, ज्याला रोज ४०० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व मिळत होतं असं आई सांगते. एवढी मात्रा नियमित मिळणाऱ्या निरोगी बाळाची पातळी ४ नॅनोग्रॅमवर सहसा येत नाही. पातळी १२ च्या खाली गेली की कमतरता म्हणतात आणि ४ म्हणजे जवळजवळ रिकामं भांडं. मग त्यांना शंका घ्यावीच लागते. आतड्यातून जीवनसत्त्व शोषलं जात नसेल का? यकृतात किंवा मूत्रपिंडात त्याचं कामाच्या रूपात रूपांतर होत नसेल का? हृदयाच्या स्नायूचा मुळातच काही आनुवंशिक दोष असेल का? या शंकांपोटी रक्त काढलं जातं, खर्च होतो, वाट पाहावी लागते. त्यापेक्षा गंभीर गोष्ट अशी की, शरीर जीवनसत्त्वाला दाद देत नाही असा समज झाला तर मोठी मात्रा किंवा त्याचं तयार, तीव्र रूप देण्याचा विचार होऊ शकतो. त्याची गरज नसलेल्या बाळात कॅल्शियम प्रमाणाबाहेर वाढतं आणि मूत्रपिंडांना इजा होते. म्हणजे तुमचं मौन आता उपचारांच्या आड येतं आहे.

तुम्ही सांगितल्यावर सगळ्या तपासण्या रद्द होतीलच असं मात्र नाही. हृदय मोठं झालेल्या बाळात कार्निटिनसारख्या (पेशींना चरबीतून ऊर्जा मिळवायला लागणारं द्रव्य) इतर गोष्टीही पाहिल्या जातात आणि काही तपासण्या डॉक्टर तरीही करतील. तो निर्णय त्यांचा आहे. खरी माहिती हातात ठेवून तो घेता यावा, एवढाच मुद्दा आहे.

आता थेंबांबद्दल. आईच्या दुधात सगळं असतं, ही समजूत फक्त तुमची नाही. लाखो घरांत ती आहे आणि ती जवळजवळ खरी आहे. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधापेक्षा चांगलं काही नाही, हे मी आजही कुणालाही सांगेन. पण ‘ड’ जीवनसत्त्व हा त्यातला अपवाद आहे. एक लिटर आईच्या दुधात ते साधारण २० ते ४० युनिट असतं आणि बाळाला दिवसाला ४०० लागतात. दिवसभरात बाळ पूर्ण लिटर दूधसुद्धा पीत नाही. हिशेब तुम्हीच करा. दूध निकस आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. हे जीवनसत्त्व माणसाच्या त्वचेत उन्हात तयार होतं, अन्नातून फार थोडं येतं. आणि लहान बाळाला उघड्या उन्हात ठेवणं त्याच्या त्वचेला सोसत नाही. खिडकीच्या काचेतून आलेलं कोवळं ऊन उबदार लागतं, पण जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवून धरते. म्हणून थेंब.

‘माझी दोन्ही मुलं थेंबांशिवाय वाढली.’ वाढली असतील, मी नाकारत नाही. पण ही कमतरता बहुतेक वेळा दिसत नाही. बऱ्याच मुलांत ती हाडांपुरती राहते, पाय थोडे वाकतात, दात उशिरा येतात, चालायला वेळ लागतो आणि घरातले म्हणतात, सावकाश करतोय. तितकीच कमतरता असलेल्या बहुतेक बाळांचं दुखणं हृदयापर्यंत जात नाही. जिथे जातं तिथे मात्र ते फार वेगाने जातं. तुमच्या दोन मुलांवरून तुम्ही नियम बांधलात, तो तिसऱ्या बाळाला लागू पडला नाही.

हृदयापर्यंत का जातं, हे तुम्हाला समजलं पाहिजे, कारण पुढच्या वर्षभराची काळजी त्यावरच अवलंबून आहे. हृदयाचा प्रत्येक ठोका कॅल्शियमवर चालतो. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम शिरलं की स्नायू आकुंचन पावतो, बाहेर गेलं की सैल पडतो. मोठ्या माणसाच्या हृदयाच्या पेशीत कॅल्शियमचा स्वतःचा साठा असतो. तान्ह्या बाळात ती कोठारं पुरती तयार झालेली नसतात. बाळाच्या हृदयाचं हातावर पोट असतं, रक्तातून जेवढं कॅल्शियम येईल तेवढ्यावर ठोका. ‘ड’ जीवनसत्त्व नसेल तर आतडं अन्नातलं कॅल्शियम पुरेसं उचलत नाही. मग शरीर हाडांतून काढून रक्तातली पातळी कशीबशी धरून ठेवतं. बाळ झपाट्याने वाढत असतं, हाडांनाही कॅल्शियम हवं असतं, आणि एक वेळ अशी येते की ही ओढाताण संपते. रक्तातलं कॅल्शियम कोसळतं. मेंदूत झटका येतो, हृदयाचं आकुंचन कमजोर होतं, रक्त आत साठून हृदय फुगतं. तुमच्या नातीच्या बाबतीत हेच घडलेलं दिसतं. कॅल्शियम साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान असायला हवं होतं, ते ५.८ होतं.

आता तुमच्या मनातला दुसरा समज: ‘हे सगळं माझ्यामुळे झालं.’

हे अर्धंच खरं आहे. आणि त्याचा दुसरा अर्धा भाग नीट हाताळला नाही तर त्यातून नवं नुकसान होईल, म्हणून सावकाश वाचा. बाळ जन्माला येताना ‘ड’ जीवनसत्त्वाचा जो साठा घेऊन येतं तो आईकडून आलेला असतो. आईचा साठा भरलेला असेल तर बाळाचे पहिले काही आठवडे त्यावर निघतात. साडेपाच महिन्यांत बाळ ४ वर येतं तेव्हा आईचीही पातळी खूप कमी असण्याची दाट शक्यता असते. गरोदरपणात तिची तपासणी झाली का, तिला पूरक गोळ्या मिळाल्या का, थेंब लिहून देताना ते कशासाठी हे तुम्हाला कुणी समजावून सांगितलं का, बाळ थुंकतं तर काय करायचं हे कुणी सांगितलं का? या साखळीत अनेक कड्या आहेत. थेंब थांबवणं ही शेवटची आणि महत्त्वाची कडी, पण एकटी नव्हे.

मात्र हे वाक्य तुमच्या तोंडून सुनेच्या कानावर कधीही जाता कामा नये. ‘तुझ्याच अंगात कमी होतं’ हे कितीही खरं असलं तरी तुमच्याकडून आलं की तो आरोप होतो, आणि तिने आधीच पुष्कळ आरोप ऐकले आहेत. तिच्या रक्ताची तपासणी झालीच पाहिजे, तिच्या स्वतःच्या हाडांसाठी आणि पुढच्या बाळंतपणासाठी. पण ते डॉक्टर सांगतील. तुम्ही फक्त स्वतःबद्दल बोला.

तुमच्या हातून दोन गोष्टी घडल्या, आजी, आणि त्या एका वजनाच्या नाहीत. थेंब थांबवले, ते प्रेमापोटी आणि अपुऱ्या माहितीपोटी. बाळाला त्रास होतोय असं वाटून हात आखडणारी तुम्ही पहिली आजी नाही. दुसरी गोष्ट म्हणजे रोज संध्याकाळचं ‘दिले’. हे मी मऊ करून सांगणार नाही. त्या एका शब्दामुळे आई-वडिलांचा निर्णय त्यांच्या नकळत बदलला गेला, आणि आज त्याच शब्दामुळे तुमची सून आपल्या माहेरचे आजार आठवत बसली आहे. तिने न केलेल्या गोष्टीचा दोष ती उचलते आहे आणि तुम्ही ते रोज पाहता आहात. पत्रात तुम्ही या गोष्टीवरून एका ओळीत पुढे गेलात. मला वाटतं, रात्री झोप येत नाही असं तुम्ही लिहिलं आहे, त्याचं कारण या ओळीत आहे.

आता सांगायचं कसं.

फक्त डॉक्टरांना गुपचूप सांगावं, असा विचार तुमच्या मनात आलाच असेल. काहीच न सांगण्यापेक्षा तो बरा, पण टिकणारा नाही. बाळाच्या आई-वडिलांपासून ही माहिती डॉक्टर लपवून ठेवू शकत नाहीत आणि तशी गळ त्यांना घालूही नये. मुलाला एकट्याला सांगून ‘तूच तिला सांग’ म्हणणं तर त्याहून वाईट. तुमचं ओझं तुम्ही त्याच्या संसारात नेऊन ठेवाल आणि सुनेला वाटेल की या दोघांनी मिळून काहीतरी ठरवलंय. मी तुमच्या जागी असते तर दोघांना एकत्र बसवून सांगितलं असतं, डॉक्टरांच्या पुढच्या भेटीच्या एक-दोन दिवस आधी. म्हणजे त्यांच्या मनात उठणारे प्रश्न लगेच डॉक्टरांकडे नेता येतील. बाळ झोपलेलं असताना सांगा. फोनवर नाही, पाहुण्यांसमोर नाही.

थोडक्यात बोला. असं काहीतरी: ‘मला तुम्हा दोघांना एक सांगायचंय. बाळाचे थेंब मी पहिल्या आठवड्यानंतर बंद केले होते. तू विचारायचीस तेव्हा मी दिले म्हणायचे, ते खोटं होतं. डॉक्टरांना हे कळायला हवं, मी स्वतः येऊन सांगते. तुझ्या माहेरचा किंवा तुझ्या दुधाचा यात काही दोष नाही.’ बस. पुढे ‘पण मला वाटलं की...’ जोडू नका. कारण विचारलं तर सांगा, न विचारता सांगितलेलं कारण सबबीसारखं ऐकू येतं. आणि माफी मागा, पण माफ केलं असं तिने त्याच क्षणी म्हणावं ही अपेक्षा ठेवू नका. रडू येईल, ते साहजिक आहे, पण इतकं नको की तुम्हाला सावरायची जबाबदारी तिच्यावर पडावी. ‘मला मेलेलं बरं’ असलं काही तर मुळीच बोलू नका. आणि खरोखरच तसे विचार मनात येत असतील, तर ते आजच्या आज मुलीला किंवा तुमच्या डॉक्टरांना सांगा. ते वेगळं दुखणं आहे आणि त्यावर इलाज आहे.

सून चिडेल. कदाचित बाळाला तुमच्याकडे ठेवायला नकार देईल. काही आठवडे, काही महिने. तो तिचा हक्क आहे. तिचा विश्वास बोलण्याने परत येणार नाही, कामाने येईल. औषधांचा तक्ता फ्रिजवर लावा, प्रत्येक डोस दिला की वेळ लिहून सही करा, बाळ थुंकलं तर तेही लिहा. तुम्हीच करा असं नाही, घरातल्या प्रत्येकाने करावं. आजारी बाळाच्या घरात हा तक्ता असायलाच हवा, मग कुणी कुणावर कितीही विश्वास ठेवत असो.

मुलाने आणलेल्या सेलेनियमच्या गोळ्या मात्र आजच बाजूला काढायला लावा. तो काय वाचून हादरला असेल याचा मला अंदाज आहे. चीनच्या ईशान्येकडच्या हेलोंगजियांग प्रांतातल्या केशान भागात १९३५ मध्ये हृदयाच्या स्नायूचा एक जीवघेणा आजार मोठ्या प्रमाणावर दिसला आणि त्या भागावरून त्याला केशान रोग असं नाव पडलं. लहान मुलं आणि तरुण बायका त्याला जास्त बळी पडत. पुढे लक्षात आलं की ज्या पट्ट्यात मातीत सेलेनियम अगदी कमी आहे, तिथेच हा रोग होतो. तिथलं धान्य तिथेच पिकायचं, तिथेच खाल्लं जायचं, त्यामुळे माणसांच्या अंगातही ते नव्हतं. १९७४ मध्ये सिचुआनमध्ये हजारो मुलांना आठवड्यातून एकदा सोडियम सेलेनाइट देऊन पाहिलं. औषध न मिळालेल्या ३,९८५ मुलांत त्या वर्षी ५४ जणांना रोग झाला, मिळालेल्या ४,५१० मुलांत १० जणांना. कमतरतेमुळे मुलांच्या हृदयाचा स्नायू कसा निकामी होतो आणि ते किती साध्या उपायाने टाळता येतं, याचं हे एक मोठं उदाहरण आहे. त्यामुळे मुलाला वाटलं असेल की आपल्या बाळालाही हेच द्यावं.

पण तो आजार वेगळा होता. त्यात हृदयाच्या स्नायूच्या पेशी मरत आणि त्या जागी व्रण तयार होत, एका विषाणूचाही त्यात हात असतो असं पुढे दिसलं. सेलेनियमने तो टाळता आला, पण झालेले व्रण भरून आले नाहीत. तुमच्या नातीच्या रिपोर्टमध्ये कारण समोर आहे, कॅल्शियम आणि ‘ड’. सेलेनियमची गरजेची मात्रा आणि विषारी मात्रा यांत फार अंतर नसतं, जास्त झालं की केस गळतात, नखं झडतात, मज्जातंतूंना इजा होते. चीनमध्येच दुसऱ्या भागात मातीतल्या जास्तीच्या सेलेनियमने लोक आजारी पडले होते. आठ महिन्यांच्या, हृदय कमजोर असलेल्या बाळाला अंदाजाने काहीही देऊ नका, ‘नैसर्गिक’ म्हणून विकलेलंही नाही.

आता तुमचा शेवटचा आणि, मला वाटतं, मनातला पहिला प्रश्न. हृदय पूर्ववत होईल का?

आशा ठेवायला चांगली जागा आहे. केशान रोगात पेशी मरतात, इथे बहुतेक वेळा त्या जिवंत असतात, फक्त कॅल्शियमअभावी थकून पडलेल्या. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये ‘हार्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा १६ बाळांची माहिती छापली होती. सगळ्यांना ‘ड’ जीवनसत्त्वाच्या आणि कॅल्शियमच्या कमतरतेने हृदय निकामी होण्याचा त्रास झाला होता. त्यातल्या ६ बाळांचं हृदय बंद पडलं, ३ बाळं दगावली. हे तुमच्यापासून लपवत नाही, कारण हा आजार किती गंभीर आहे हे घरातल्या सगळ्यांना कळायला हवं. पण जी वाचली त्यांच्यापैकी बहुतेकांचं हृदय सुधारत गेलं, आणि त्याला सरासरी वर्षभर लागलं. तुमची नात आयसीयूचा टप्पा ओलांडून आली आहे. अडीच महिन्यांत २४ वरून ३९ हा प्रवास चांगल्या दिशेने आहे. निरोगी मुलात हा आकडा साधारण ५५ च्या पुढे असतो, म्हणजे अजून वाट बाकी आहे. नेमकं तिचं काय होईल, हे तिचे हृदयतज्ज्ञच इको पाहून सांगतील.

या वाटेवर मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती बाळ बरं दिसू लागण्याची. हसतंय, पालथं पडतंय, दूध पितंय, मग औषधं कशाला, असं घरात कुणीतरी म्हणतंच. एकदा ‘थेंब कशाला’ म्हणून झालं आहे, तेव्हा या वेळी तुम्हीच ठामपणे आड या. हृदयावरचा ताण कमी करणारी औषधं डॉक्टरांनी थांबवली तरच थांबतात. अंगातलं पाणी काढायचं औषध चालू असेल तर त्यातल्या काही औषधांनी लघवीवाटे कॅल्शियमही जातं, म्हणून रक्ततपासणीच्या तारखा चुकवू नका. उपचारांत ‘ड’ जीवनसत्त्वासोबत कॅल्शियमही लिहिलेलं असेल, ते सोडू नका. जीवनसत्त्व मिळू लागलं की भुकेली हाडं कॅल्शियम ओढून घेतात आणि रक्तातली पातळी पुन्हा घसरू शकते. लसी वेळेवर द्या. सर्दी-खोकल्याच्या माणसाने बाळाला उचलू नये, अशा हृदयाला छातीतला जंतुसंसर्ग जड जातो. आईचं दूध बंद करायचा विचार कुणी करत असेल तर करू नका, दूध दोषी नाही. वरचं अन्न सुरू झालं असेलच, त्यात कॅल्शियम असलेले पदार्थ किती आणि कोणते, हे तिच्या डॉक्टरांना विचारा.

हे सदर वाचणाऱ्या इतर घरांसाठीही दोन शब्द, कारण तान्हं बाळ आजी-आजोबांच्या हाती देऊन कामावर जाणाऱ्या आया खूप आहेत.

थेंब देताना बाळ थुंकत असेल तर ते जिभेवर न सोडता गालाच्या आतल्या बाजूला, हळूहळू, दूध पाजायच्या आधी द्या. एक थेंबाची मात्रा असलेलं औषध असेल तर तो थेंब आईच्या स्तनाग्रावर ठेवूनही चालतो. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका, नेहमीइतकंच द्या. खरा धोका दुसरीकडेही आहे. बाजारात वेगवेगळ्या तीव्रतेचे थेंब मिळतात, एका बाटलीत ४०० युनिट एका थेंबात असतात तर दुसरीत एका मिलिलिटरमध्ये. बाटली बदलली आणि जुनाच ड्रॉपर वापरला तर मात्रा कित्येक पट होऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये नेमका याच चुकीबद्दल इशारा दिला होता. म्हणून बाटलीसोबत आलेलाच ड्रॉपर वापरा आणि बाटली बदलली की मात्रा पुन्हा विचारून घ्या. ज्या बाळाला थेंब खरंच सोसत नाहीत, त्याच्या आईला मोठी मात्रा देऊन दुधातलं प्रमाण वाढवण्याचा पर्यायही अभ्यासला गेला आहे. तो डॉक्टरांच्या देखरेखीतच करायचा, पण विचारायला हरकत नाही. शी पातळ झाली, पुरळ आलं, तर थेंब गुपचूप थांबवू नका. फोन करा. ‘बाळाला हे सोसत नाहीये’ एवढं एक वाक्य पुरतं.

आणि ही लक्षणं ओळखा: दूध पिताना मध्येच थांबून धाप लागणं, पिताना कपाळ घामाने भिजणं, वजन न वाढणं, हातपाय गार पडणं, अंग फिकं दिसणं, झटका येणं. दोन महिने ते वर्षभराच्या बाळाचा श्वास, ते शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. पन्नास किंवा त्याहून जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. झटका, निळसर ओठ किंवा दूध ओढताच न येणं असेल तर घरी मोजत बसू नका, सरळ आपत्कालीन विभागात जा. या वयात ‘दात येताहेत म्हणून’ असं म्हणून सोडून द्यायची ही लक्षणं नव्हेत.

राहिला मुलीकडे जाण्याचा प्रश्न. सांगण्याच्या आधी जाऊ नका. तुम्ही गेल्यावर फाइलमधली चूक तशीच राहील आणि सून तिच्यासोबत एकटी. सांगितल्यावर जर सुनेने थोडे दिवस अंतर मागितलं तर मात्र आढेवेढे न घेता जा, आणि परत कधी यायचं हे तिला ठरवू द्या. जाताना रुसून जाऊ नका, औषधांचा तक्ता कसा भरायचा ते जो कुणी बाळ सांभाळणार आहे त्याला दाखवून जा.

आज एक काम करा. कागद घ्या आणि आठवेल तसं लिहा: थेंब कोणत्या महिन्यात सुरू झाले, कोणत्या कंपनीचे होते, साधारण किती दिवस दिले, कधी थांबवले, त्यानंतर दुसरं काही दिलं का, बाळाला ऊन किती मिळायचं, धाप पहिल्यांदा कधी दिसली. ती बाटली अजून कपाटात असेल तर टाकू नका. कागद आणि बाटली, दोन्ही मुलाच्या आणि सुनेच्या हातात द्या आणि डॉक्टरांकडे त्यांच्यासोबत जा.